पाहणीचा खर्च

मंगळवार, ४ फेब्रुवारी

…आणि पलीकडून खरंच कुणीतरी "हॅलो" म्हणालं तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तीन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत हा नंबर लावते आहे. घंटी वाजत राहते आणि बंद होते. आता सवयच झाली आहे, एका हाताने रिसीव्हर धरायचा आणि दुसऱ्याने जेवायचं. घास तसाच गिळला.

"चित्रं पाहायला यायचं होतं," म्हटलं.

"कुठली चित्रं?" पलीकडे एक बाई होती.

"तुमच्या दालनातली. लोकांसाठी खुलं आहे ना ते?"

"अं… थांबा हं. विचारून सांगते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली, एक दार उघडलं. मी वाट पाहत राहिले. समोर हिशेबनीस आणि वकीलबाई, दोघंही जेवायचे थांबले होते. मी रिसीव्हरवर हात ठेवून खूण केली की उचलला.

"उचलला?" हिशेबनीस म्हणाले. "अरेरे."

हिशेबनीस सगळ्याची थट्टा करतात. मी लक्ष देत नाही.

बाई परत आली. परवा, गुरुवारी, अकरा वाजता या म्हणाली. नाव विचारलं, नंबर विचारला. मी दोन्ही सांगितले.

"ऑफिसचा नंबर दिलात?" फोन ठेवल्यावर वकीलबाईंनी विचारलं.

"मग काय घरचा देऊ? सरकारी काम आहे."

त्या डबा धुवायला निघून गेल्या.


बुधवार, ५ फेब्रुवारी

उद्या जायच्या आधी सगळं लिहून ठेवते, म्हणजे डोकं जागेवर राहील.

टेकडीवरच्या बंगल्याच्या मालकाला आम्ही ऑफिसात 'रसिक' म्हणतो. नाव हिशेबनिसांनी ठेवलं. बंगल्यातली चित्रं शहरातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा महाग आहेत. चित्रांवर कर आहे, पण त्याला एक सूट आहे. ती लोकांना पाहण्यासाठी खुली असतील आणि लोक ती खरोखर पाहत असतील, तर कर नाही. रसिकांनी बंगल्याला कलादालन म्हणून जाहीर केलं, त्याला बरीच वर्षं झाली. कुणी जाऊन पाहिलं नाही, कारण पाहायला माणूसच नव्हता. आमच्या खात्यात सगळी माणसं खिडक्यांमागे, छोट्या दुकानदारांच्या रांगांना तोंड देत बसलेली. मीही तिथेच होते. सगळी नोकरी त्या काचेमागे गेली.

या जानेवारीत पहिल्यांदा सरकारने पैसे दिले. मोठ्या करदात्यांसाठी विशेष पथक. खोली मिळाली ती मोडक्या खुर्च्यांची होती, पण दारावर नवी पाटी आहे. साहेब, वकीलबाई, हिशेबनीस आणि मी. वकीलबाई करारावर आहेत. सहा महिन्यांत काही दाखवता आलं तर पथक कायम होईल, माणसं वाढतील. नाही तर मी परत काचेमागे.

रसिकांचं प्रकरण उभं राहिलं की झालं, असं साहेब म्हणतात. मलाही तसंच वाटतं. तिथे कुणालाही शिरू देत नाहीत एवढंच सिद्ध करायचं आहे.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

शिरू दिलं.

फाटकावरच्या माणसाने फोन केला, मग दुसऱ्या माणसाने फोन केला, मग पांढरे हातमोजे घातलेली एक बाई धावत बाहेर आली. परवाची फोनवरची तीच. तिनेच सगळं दाखवलं. बंगला म्हणजे घरच आहे. दोन मोठ्या चित्रांच्या मध्ये जेवणाचं टेबल, त्यावर उष्टी बशी आणि उघडं वर्तमानपत्र. जिन्यात कुणाचे तरी टेनिसचे बूट. आतल्या एका दालनात सगळं फर्निचर चादरींखाली झाकलेलं होतं आणि बाईने माझ्यासाठी दिवा लावला तेव्हा तिलाच बटण सापडेना.

"रोज किती लोक येतात?" मी विचारलं.

"मला इथे चार वर्षं झाली," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आज तुम्ही आलात, बरं वाटलं. मला सगळं पाठ आहे, पण मोठ्याने कधी बोलले नव्हते."

हे मी शब्द न शब्द टिपून घेतलं. याच्यापुढे आणखी काय पुरावा हवा?

निघताना तिकीट मागितलं. ती म्हणाली, प्रवेश मोफत आहे. मी म्हटलं, मोफत चालणार नाही, मला पावती लागते. ती आत गेली, बराच वेळ फोनवर बोलली आणि एका कागदावर हाताने लिहून आणलं, एका व्यक्तीचा प्रवेश. खाली तारीख, सही. मी पैसे दिले. जायच्या आधी तिने दारात उभं करून माझा फोटो काढला. "पहिल्या तिकिटाचा," म्हणाली. हौशी आहे बिचारी.

"पुढच्या वेळी छापून ठेवू," असंही म्हणाली.

हिशेबनिसांनी पावती उजेडात धरून पाहिली. "उत्तम. पावती नसती तर तुम्ही गेलाच नव्हतात."


सोमवार, १७ फेब्रुवारी

बैठक. वकीलबाई म्हणाल्या, तीन आठवडे फोन उचलला नाही, बाई म्हणते चार वर्षांत कुणी आलं नाही, टेबलावर उष्टी बशी. एवढ्यावर आदेश काढा आणि मोकळे व्हा.

"फोन उचलला नाही याची पावती कुठाय?" साहेब म्हणाले. "आणि शेवटी उचललाच. शिवाय यांना शिरू दिलं. का दिलं? सरकारी बाई म्हणून दिलं. साध्या माणसाला देतात का, ते पाहायला हवं."

मला ते पटलं. साहेबांनी आणखी एक सांगितलं. मार्चअखेर तिमाही संपते. 'पाहणीचा खर्च' या खात्यात आलेले पैसे जवळजवळ तसेच पडून आहेत. ते संपले नाहीत तर गरज नव्हती असं धरून पुढचा हप्ता कापतात.

"तेव्हा पाहणी करा. भरपूर करा," ते म्हणाले.

"साहेब, तिकडे फार जाऊ नये," वकीलबाई म्हणाल्या.

"का?"

"नाही, आपलं म्हणतेय. फार जाऊ नये."

टेकडी चढायला लागते. त्यांना दम्याचा त्रास आहे. मला वाटतं त्यामुळे.


गुरुवार, २० फेब्रुवारी

साधं माणूस म्हणून आईंना पाठवलं. पथकात माणसं नाहीत आणि माझा चेहरा आता ओळखीचा झाला. सासूबाईंपेक्षा साधं माणूस मला कुणी सापडलं नसतं. सोबत त्यांच्या बागेतल्या बाकावरची मैत्रीण, निवृत्त नर्सबाई.

माझा अंदाज होता की फाटकातूनच परत येतील. चार वाजले तरी पत्ता नाही. मी ऑफिसातून दोनदा घरी फोन केला. संध्याकाळी गेले तर दोघी सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"घेतलं आत?"

"घेतलं म्हणजे? दार धरून उभी होती ती मुलगी. आणि चित्रं काय आहेत गं! आणि संडास तर…"

"संगमरवरी," नर्सबाई म्हणाल्या.

"मी दोनदा जाऊन आले."

"आई, तुम्ही तिथे काही घेतलं नाहीत ना? खायला, प्यायला?"

"कॉफी दिली तिने."

"मी सांगितलं होतं ना, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. त्यांचं आपल्याकडे प्रकरण आहे."

"प्रकरण तुझ्याकडे आहे," आई म्हणाल्या. "मला तहान लागली होती."

नर्सबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मी दोघींची तिकिटं घेतली. छापील आहेत, निळ्या शाईत, वर नंबर.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, एकदा घेतलं म्हणजे नेहमी घेतात असं नाही. निरनिराळ्या वेळी, निरनिराळी माणसं पाठवा.


बुधवार, १२ मार्च

या तीन आठवड्यांत खालच्या मजल्यावरचे दोन टंकलेखक, हिशेबनिसांचे जावई, माझी मावसबहीण आणि तिचा नवरा जाऊन आले. सगळ्यांना आत घेतलं. फाटकावर आता 'खुले आहे' असा फलक लावला आहे. जिन्यातले बूट गेले. जेवणाच्या टेबलाभोवती मखमलीची दोरी आणि शेजारी कार्ड, 'संग्राहकाचे जेवणाचे दालन'.

मी साहेबांना म्हटलं, ते सुधारत चालले आहेत.

"दबाव आहे ना आपला," साहेब म्हणाले. खूश दिसले.

रविवारी ते स्वतः कुटुंबासह गेले होते. मुलांना आवडलं म्हणाले. पाच तिकिटं.


गुरुवार, १३ मार्च

वकीलबाईंचा पगार दुसऱ्या महिन्यातही आला नाही. करारावरच्या माणसांसाठी वेगळी मंजुरी लागते आणि ती दुसऱ्या इमारतीत अडकली आहे. पाहणीच्या पैशांतून देता येईल का, मी हिशेबनिसांना विचारलं.

"वकीलबाई म्हणजे पाहणी आहे का? नाही ना? मग कसं देणार."

घरी आले तर आई नव्हत्या. नंतर आल्या, फिरायला गेले होते म्हणाल्या. गुडघे दुखत नाहीत का विचारलं. म्हणाल्या, बसायला चांगली जागा असली की नाही दुखत.


सोमवार, ३१ मार्च

खर्च पूर्ण. शेवटच्या दिवशी थोडे पैसे उरत होते, म्हणून साहेबांनी दालनाचं वार्षिक सभासदत्व घेतलं, पथकाच्या नावाने. पावती हिशेबनिसांनी जोडली.

वकीलबाईंनी राजीनामा दिला. निरोपाला समोसेबिमोसे काही नको म्हणाल्या. खणातल्या वस्तू पिशवीत भरताना मी जवळ उभी होते.

"तुम्हाला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "आता तरी आदेश काढा. आणि तिकडे कुणाला पाठवू नका."

"साहेब म्हणतात पुरावा अजून…"

"तुम्ही चांगल्या आहात हो," त्या म्हणाल्या आणि पिशवीची गाठ मारली.

कौतुक होतं की काय, कळलं नाही. कुठे जाणार विचारलं, तर एका मोठ्या वकिलांकडे म्हणाल्या.


गुरुवार, १० एप्रिल

पुढचा हप्ता अर्धा आला. पैसे खर्च केले, तरीही अर्धा. कारण असं की पथकाने निकाली काढलेल्या प्रकरणांची संख्या शून्य आहे. मोठी प्रकरणं लवकर संपत नाहीत, हे वर कुणाला सांगायचं? साहेबांनी उपाय काढला आहे. छोटी, झटपट संपणारी प्रकरणं पथकाकडे घ्यायची, म्हणजे आकडा दिसेल. वकीलबाईंच्या रिकाम्या टेबलावर त्यांचा ढीग आला.


मंगळवार, १५ एप्रिल

ढिगातलं पहिलं प्रकरण स्वतः चालत आलं. शिलाई मशीन दुरुस्त करणारे काका, हातात बाजाराची पिशवी. बायको दवाखान्यात होती म्हणून विवरण उशिरा भरलं. उशिराला दंड.

त्यांनी दारावरची पाटी दोनदा वाचली. "बाई, चुकून आलो वाटतं. हे मोठ्यांचं आहे."

"नाही, बरोबर आलात."

"म्हणजे मी मोठा झालो की काय?" ते हसले. "घरी सांगतो."

मी दंडाचा आकडा सांगितला. कारण दिलंत तर माफीचा अर्ज करता येतो, असंही सांगितलं, पण त्याला वेळ लागतो. ते म्हणाले, नको, पुन्हा यायला दुकान बंद ठेवावं लागेल. पैसे तिथेच मोजून दिले आणि उठताना मला म्हणाले, "तुमच्या खुर्चीचं चाक अडकतंय. तेल घाला."

साहेबांनी फळ्यावर 'निकाली' खाली एक रेघ मारली. संध्याकाळपर्यंत अकरा रेघा झाल्या. साहेब म्हणाले, बघा, जमतंय.

जेवताना आईंनी विचारलं, चित्रात खिडकी डावीकडे असली की उजेड तिकडूनच यायला हवा, मग त्या बाईच्या उजव्या गालावर तो कुठून आला असेल? मी म्हटलं, कुठली बाई?

"असंच. आहे एक," त्या म्हणाल्या.

टीव्हीवर पाहतात काहीतरी. त्यांचं मन कशात तरी रमतंय हे बरं आहे. हे वारल्यापासून त्या खिडकीशी बसून असायच्या.


सोमवार, २८ एप्रिल

आदेश काढला. मीच लिहिला, साहेबांनी सही केली. दालन खऱ्या अर्थाने लोकांसाठी खुलं नाही, लोकांना त्याची माहिती नाही, आमच्या पाहण्या वगळता तिथे कुणीही जात नाही, म्हणून सूट नामंजूर, कर भरावा. वाचताना अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत मी कुणा मोठ्या माणसाला 'भरावा' असं लिहिलं नव्हतं.

"छान लिहिलंय," हिशेबनीस म्हणाले. या खेपेला थट्टा नव्हती.


गुरुवार, ८ मे

रसिकांनी अपील केलं. सुनावणी तीन जूनला.

आई आज दुपारी बागेतल्या बायांबरोबर कुठेतरी गेल्या होत्या. पाच-सहा जणी होत्या म्हणे. हल्ली गुरुवारी त्यांचे कपडे इस्त्रीचे असतात.


शुक्रवार, २३ मे

साहेबांची बदली. बढतीवर. पथकाने चार महिन्यांत इतकी प्रकरणं निकाली काढली याबद्दल. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सुनावणीत तुम्हीच बोला. सगळं तुम्हालाच माहीत आहे."

वकील मागितला होता. पैसे नाहीत असं उत्तर आलं.


मंगळवार, ३ जून

कसं लिहू?

त्यांच्या बाजूला चार वकील होते. मी एकटी, मागे हिशेबनीस पावत्यांची पेटी घेऊन बसलेले. बाहेर व्हरांड्यात वकीलबाई दिसल्या. हातात कागदांचा गठ्ठा होता, रसिकांच्या वकिलांच्या ऑफिसचा. आत आल्या नाहीत. मला पाहून एवढंच विचारलं, "जेवलात?"

अपील अधिकारी म्हातारे आहेत, शांत बोलतात. मी माझा आदेश वाचला. उष्टी बशी, टेनिसचे बूट, चार वर्षांत कुणी आलं नाही हे बाईचं बोलणं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं.

मग पलीकडचा तरुण वकील उठला. त्याने काही नाकारलं नाही. पूर्वी लोक कमी येत, म्हणाला, पण या आकारणीच्या वर्षाचा प्रश्न आहे आणि या वर्षी काय झालं ते पाहावं. त्याने मोठे केलेले फोटो टेबलावर मांडले. पहिला माझा. दारात उभी, हातात कागद, हसते आहे. मी हसले होते हे मला आठवत नव्हतं. मग टंकलेखक, हिशेबनिसांचे जावई, माझी मावसबहीण. साहेब, त्यांची बायको, तीन मुलं. धाकट्याच्या हातात फुगा.

"हे सगळे खात्याचे," मी म्हटलं. "किंवा आम्ही पाठवलेले. ही जनता नाही."

"अगदी मान्य," तो म्हणाला. "आता हे पाहा."

आई. नर्सबाई. बागेतल्या बाया. पुढच्या फोटोत त्याच, वेगळ्या कपड्यांत. त्याच्या पुढच्यात आणखी दोघी नव्या. गुरुवार, गुरुवार, गुरुवार. एका फोटोत आई एका चित्रासमोर उभ्या आहेत, बोट वर करून काही सांगत आहेत, आणि बाकीच्या खुर्च्यांवर बसून ऐकत आहेत. त्या चित्रात डावीकडे खिडकी आहे.

"या बाई इतरांना माहितीसुद्धा देतात," तो म्हणाला. "याहून खुलं दालन कसं असतं?"

अपील अधिकाऱ्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "या कोण?"

"माझ्या सासूबाई."

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

"यांना तुम्ही पाठवत होतात, की त्या स्वतःहून जात होत्या?" त्यांनी विचारलं. "पाठवत असलात तर ती तुमची पाहणी. स्वतःहून जात असल्या तर ती जनता. प्रकरण एवढ्यावरच आहे. उद्या अकरापर्यंत लेखी द्या."

बाहेर पडताना रसिक स्वतः समोर आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. साधे कपडे, हळू आवाज. "तुमचे आभार कसे मानू? त्या घरात इतकी वर्षं माणसाचा आवाज नव्हता," म्हणाले. "आईंना नमस्कार सांगा."

टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. पण ते मनापासून म्हणत होते.

घरी आईंना विचारलं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही."

"केव्हापासून?"

"पहिल्या खेपेनंतर लगेच. त्या मुलीनेच म्हटलं, आजी, कधीही या. तिथे बसायला मिळतं गं. गार असतं. किती वेळ बसणार असं कुणी विचारत नाही. बागेत बाकावर ऊन येतं." मग म्हणाल्या, "तुझं काही बिघडलं का?"

मी सांगितलं. त्यांना समजेल असं सांगितलं, पण त्यांना अर्ध्यातच समजलं होतं.

"मग त्यात काय," त्या म्हणाल्या. "लिही की तूच पाठवायचीस. मी सही करते. सगळ्याजणींची आणते, आत्ता जाऊन. नर्सबाई तर कशावरही करील."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. जेवण झाल्यावर बसून लिहिलं, 'सदर भेटी पथकाच्या सूचनेवरून झाल्या.' आईंनी चष्मा शोधला आणि सही केली. बायांच्या सह्या घेऊन तासाभरात परत आल्या, जणू वर्गणी गोळा करून आणली.


बुधवार, ४ जून

कागद हिशेबनिसांना दाखवला. दोनदा वाचून त्यांनी विचारलं, "तिकिटं?"

"कुठली?"

"या गुरुवारांची. आपण पाठवलं म्हणताय, मग त्यांच्या तिकिटांचे पैसे आपण दिले असणार. मला पावती आलेली नाही."

"त्यांनी स्वतः दिले असतील. किंवा त्या बाईने घेतलेच नसतील."

"मग आपण पाठवलं नाही." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "त्यांच्याकडे या पेटीची नक्कल आहे बाई. अपिलात सगळ्या पावत्या आपणच जोडल्या. तुमचा कागद टेबलावर पडला की तो पोरगा पहिला हाच प्रश्न विचारेल. मग आईंना बोलावतील. त्यांना तिथे उभं करायचंय का?"

मी कागद परत घेतला.

"मी हसतो म्हणून तुम्हाला राग येतो," ते म्हणाले. "पण या पावत्या मीच मागितल्या सगळ्या."

अकराला पाच मिनिटं असताना दुसरा कागद लिहिला. 'सदर महिला स्वेच्छेने जात होत्या.' मी खरं लिहिलं. पण खोटं चालत नव्हतं म्हणून लिहिलं, याचं समाधान कसलं मानायचं?


बुधवार, ११ जून

निकाल आला. सूट कायम. पानभर आहे. शेवटी म्हटलं आहे, खात्याच्या वारंवार भेटींमुळे दालनाची व्यवस्था सुधारली व परिसरातील नागरिकांना त्याची माहिती झाली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

दुपारी दुसरा कागद. विशेष पथक तत्काळ बंद. अपेक्षित फलनिष्पत्ती नाही. खोली भांडारासाठी परत द्यावी. दोन शिपाई टेबलं न्यायला आले, तर हिशेबनीस त्यांना म्हणाले, "पावती द्या." त्यांनी दिली नाही. हिशेबनीस जरा उभे राहिले आणि मग बाजूला झाले.

आईंना सांगितलं, प्रकरण संपलं. आता तुम्ही खुशाल जा. कॉफीही घ्या.

"तू रागात म्हणतेस."

"नाही."

खरंच रागात नव्हते. एवढ्या सगळ्यात एका जागी चार बायांना बसायला मिळतं, एवढं तरी राहिलं, असं वाटलं. तेवढ्यावर समजूत घातली.


गुरुवार, १२ जून

सकाळी खिडकी क्रमांक चारवर रुजू झाले. अकराच्या सुमारास आईंचा फोन आला. टेकडीखालच्या बसथांब्यावरून बोलत होत्या. फाटक बंद आहे, फलक काढला आहे. दुरुस्तीसाठी बंद, पुन्हा कधी उघडणार माहीत नाही, असं फाटकावरच्या माणसाने सांगितलं. हातमोजेवाल्या बाईला काल संध्याकाळीच कामावरून कमी केलं.

"याची तक्रार करता येते ना?" त्यांनी विचारलं. "कुणाकडे करायची?"

मी म्हटलं, पथकाकडे. मग फोन ठेवला. रांगेतला पहिला माणूस काचेवर नाणं वाजवत होता, त्याचा अर्ज घेतला.